सिंगूरमध्ये तक्रार कुणाकडे करायची होती?

महाराष्ट्रातला एखादा प्रकल्प गुजरातला गेला की आमच्या फॅमिली ग्रुपवर सिंगूर येतंच, म्हणजे पश्चिम बंगालमधली ती जागा, जिथला टाटांचा लाख रुपयांच्या गाडीचा कारखाना जमिनीच्या आंदोलनानंतर २००८ मध्ये गुजरातला गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉन तळेगावऐवजी धोलेऱ्याला जाणार असं कळलं त्या रात्री आलं, ऑगस्ट २०२४ मध्ये तेव्हाचे डाव्या आघाडीचे मुख्यमंत्री बुद्धदेव भट्टाचार्य वारले तेव्हा आलं, आणि मागच्या गणपतीत सगळे जमलो होतो तेव्हा मोदक वळता वळता पुन्हा आलं. बाजू ठरलेल्या दोनच. एक बाजू म्हणते बुद्धदेव बिचारे शहाणे होते, कारखाना आणत होते, पण त्यांच्याच पक्षाने तीस वर्षं लोकांना ‘मालक म्हणजे वैरी’ असं पढवून ठेवलेलं, ते अंगाशी आलं. दुसरी बाजू (म्हणजे माझा पुण्यातला मावसभाऊ, आणि तो जे जे वाचतो ते सगळं) म्हणते की डावे भांडवलदारांना विकले गेले, गरिबांनी ते ओळखलं आणि त्यांना घरी बसवलं. आवाज दोघांचाही चढलेला असतो, पण नीट ऐकलं तर दोघांच्या पोटात एकच गृहीत आहे, की कामकरी मतदार पक्षाचं धोरण बघतो, ते बदललं की रागावतो आणि दुसरं बटण दाबतो. मला हे गृहीतच पटत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. गरीब माणसाला डावा पक्ष लागतो तो सोबत न्यायला. जमीनदार, मुकादम, मालक, तलाठी, फौजदार यांच्यापुढे एकट्याने तोंड उघडता येत नाही, मग मागे कोणीतरी लागतो, आणि तो माणूस तुमच्याबरोबर येत असेल तर पक्षाने दिल्लीत काय ठराव केला, कुठल्या उद्योगपतीबरोबर फोटो काढला, हे मतदार बऱ्यापैकी खपवून घेतो. पण तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे तो आणि तक्रार जिथं घेऊन जायची ती जागा, हे दोन्ही एक झाले की खेळ संपला. बंगालमध्ये हे झालं, त्याच्या तीस वर्षं आधी आपल्या गिरणगावातही झालं होतं, आणि आपण अजून ‘उद्योग हवा की नको’ यावरच घसा कोरडा करतोय.

मुळात तो पक्ष तिथं उभा कसा राहिला ते बघा. १९७७ ला डावी आघाडी निवडून आली आणि पुढच्याच वर्षी ऑपरेशन बर्गा सुरू झालं. बर्गादार म्हणजे आपल्याकडचं कूळ किंवा वाटेकरी. कायद्यात त्याला हक्क आधीपासून होता, खत-बियाणं त्याचं असेल तर पिकाच्या चार वाट्यांतले तीन त्याचे, पण कागदावर नावच नाही तर वाटा मागणार कुठल्या तोंडाने? आपल्याकडे सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ म्हणून रकाना असतो, त्यात नाव लागावं म्हणून लोकांच्या पिढ्या गेल्यात, ज्यांच्या घरात कूळकायद्याची केस चालली त्यांना हे वेगळं सांगायला नको. तर मे १९७८ मध्ये हुगळी जिल्ह्यातल्या हालुसाई गावी सरकारी अधिकाऱ्यांनी भूमिहीन आणि बर्गादार लोकांना समोर बसवून विचारलं की नोंद करायला तुम्ही पुढे का येत नाही? उत्तर साधं होतं. तुम्ही दिवसा येता तेव्हा आम्ही शेतात राबत असतो, आणि येऊन बसता जमीनदाराच्या ओसरीवर, तिथं येऊन त्याच्याविरुद्ध आम्ही काय बोलणार? त्यावर सरकारने काम करायची पद्धतच फिरवली. सभा संध्याकाळी, त्याही मजुरांच्या वस्तीत, नावं तिथंच सगळ्यांसमोर वाचायची, हरकती तिथंच घ्यायच्या. चौदा-पंधरा लाख बर्गादारांची नावं अशी कागदावर लागली. माझ्या मते मार्क्स-लेनिन वगैरे सगळं बाजूला ठेवा, डाव्यांचं बंगालमधलं राज्य या एका हालचालीवर उभं होतं, अधिकारी ओसरीवरून उठून वस्तीत गेला.

पुढे मग पक्षच वस्ती झाला. १९७८ पासून पंचायती त्यांच्याच हातात, आणि गावातली लोकल कमिटी म्हणजे निम्मं कोर्ट. भावाभावांचा बांध, नवऱ्याने टाकलेली बाई, रेशन कार्ड, मास्तरची बदली, हॉस्पिटलात खाट, सगळं पार्टी ऑफिसमधून. याची काळी बाजूही सगळ्यांना माहीत आहे, पार्टीशी वाकडं घेतलेल्या माणसाला गावात राहणं मुश्कील व्हायचं, मारामाऱ्या, खून, सगळं झालं. पण ज्याच्या बापाला जमीनदारापुढे चप्पल काढून उभं राहावं लागायचं त्याच्या दृष्टीने पार्टी ऑफिसात खुर्ची मिळणं ही काही लहान गोष्ट नव्हती.

आता समोरच्यांचे मुद्दे. ते कच्चे नाहीत, उलट पक्के आहेत म्हणून तर हा वाद इतकी वर्षं चाललाय. पहिला मुद्दा, बंगालला कारखाने हवेच होते. जमीन वाटून वाटून तुकडे झालेले, बर्गादाराच्या मुलाने शाळा केली, त्याला शेतात परत जायचं नव्हतं. ज्या हुगळी जिल्ह्यात सिंगूर आहे तिथंच साहागंजचा डनलॉपचा कारखाना, गंगेच्या काठाने तागाच्या गिरण्या, कधी चालू कधी बंद. हे बघून कुठल्याही मुख्यमंत्र्याला झोप आली नसती. दुसरा मुद्दा, धोरण काही एका रात्रीत बदललं नव्हतं. ज्योती बसूंच्या सरकारने सप्टेंबर १९९४ मध्येच खासगी भांडवलाला दार उघडणारं उद्योग धोरण जाहीर केलं होतं. तिसरा मुद्दा सगळ्यात वजनदार, लोकांनी याला मत दिलं होतं. २००६ ची घोषणाच होती ‘शेती आमचा पाया, उद्योग आमचं भविष्य’, आणि त्या घोषणेवर २९४ पैकी २३५ जागा आल्या. म्हणजे माझ्या मावसभावाचा ‘विकले गेले म्हणून गरिबांनी हाकललं’ हा सिद्धांत इथंच अडकतो, कारण विकले गेले म्हणता ते १९९४ ला, आणि गरिबांनी त्यानंतर बारा वर्षांनी ढीगभर मतं दिली. मग गरिबांना ओळखायला बारा वर्षं लागली का? का २००६ ते २०११ या पाच वर्षांत दुसरंच काहीतरी घडलं?

दुसरंच घडलं. १८ मे २००६ ला बुद्धदेवांनी शपथ घेतली आणि त्याच दिवशी रतन टाटांबरोबर बसून लाख रुपयांच्या गाडीचा कारखाना सिंगूरला येणार असं जाहीर झालं. हालुसाईनंतर अठ्ठावीस वर्षांनी, तोच मे महिना, तोच जिल्हा. यावेळी वस्तीत संध्याकाळची सभा नाही. ९९७ एकर जमीन, बहुतेक बारमाही पिकणारी, बटाटा आणि भाताची, आणि ती घ्यायला हत्यार कुठलं तर इंग्रजांचा १८९४ चा भूसंपादन कायदा, ज्यात मालकाची संमती लागतच नव्हती. भरपाई कशी ठरली ते मात्र नीट बघा, कारण सगळी गोष्ट तिथं आहे. जमिनीची किंमत मालकाला, आणि नोंद असलेल्या बर्गादाराला त्या किमतीच्या २५ टक्के. म्हणजे जमीन कसली तर चारातले तीन वाटे त्याचे आणि जमीनच गेली तर चारातला एक. पिकात जो मोठा भागीदार होता तो विक्रीत बारका झाला. आणि ज्याची नोंदच नव्हती, ज्याचं नाव ऑपरेशन बर्गात लागायचं राहून गेलेलं, किंवा जो नुसता लावणी-कापणीला रोजाने जाणारा शेतमजूर, त्याच्या नावाने चेकच निघणार नव्हता. ज्याचं नाव कागदावर नाही त्याच्या बाजूने उभं राहून जो पक्ष मोठा झाला, तोच आता कागद बघून चेक वाटत होता.

यावर उत्तर येतं की अहो, बहुतेकांनी चेक घेतले, सुमारे तेरा हजार खातेदारांपैकी दोन-अडीच हजारच अडून बसले, बाकी सगळा तेव्हा विरोधात असलेल्या ममतांचा तमाशा. ममतांना त्यात राजकारण दिसलं हे खरंच, डिसेंबर २००६ मधलं त्यांचं पंचवीस दिवसांचं उपोषण काही केवळ बटाट्याच्या प्रेमापोटी नव्हतं. पण चेक घेतला म्हणजे राजी, हे शेतकऱ्याच्या घरातला कोणी माणूस म्हणणार नाही. १८९४ च्या कायद्यात चेक घेतला नाही तरी जमीन जायचीच, मग घेतलेला काय वाईट? शिवाय आधी चेक कोणी उचलले असतील? ज्यांचं नाव उताऱ्यावर आहे पण जे कोलकात्यात नोकरीला आहेत, सुट्टीत गावी येतात, त्यांना एकरकमी पैसा म्हणजे सोनं. कसणारा वेगळा होता. त्याला पैसा नाही, जमीन नाही आणि कारखान्यात लागेल एवढं शिक्षणही नाही. तो गेला कुठं असेल? तीस वर्षांची सवय, लोकल कमिटीत. आणि लोकल कमिटीतले कॉम्रेड काय करत होते? जमीन द्या म्हणून समजवत होते. किसान सभा पक्षाची, पंचायत पक्षाची, युनियन पक्षाची, सरकार पक्षाचं. मग राहिलं कोण? तृणमूल. ममता बॅनर्जींचं आर्थिक धोरण काय होतं हे सिंगूरच्या त्या माणसाला माहीत असायची गरजच नव्हती, त्याला एवढंच दिसत होतं की गावात आता एकच दुसरं ऑफिस आहे जिथं जाऊन सरकारविरुद्ध बोलता येतं.

नंदीग्रामला तर हे आणखी उघडं पडलं. जानेवारी २००७ मध्ये तिथं हल्दिया विकास प्राधिकरणाची नोटीस लागली, केमिकल हबसाठी जमीन जाणार म्हणून. प्राधिकरणाचा अध्यक्ष पक्षाचाच खासदार, तिथला आमदार डाव्या आघाडीचाच, आणि रस्ते खणून पोलिसांना अडवणारे लोकही कालपर्यंत बरेचसे डाव्यांचेच मतदार. मुख्यमंत्र्यांनी नंतर सांगितलं की ती नोटीस फाडून टाका, पण १४ मार्चला पोलीस गेले आणि गोळीबारात १४ माणसं मेली. उद्योग हवा की शेती हवी हा प्रश्न १४ मार्चनंतर कोणाच्या डोक्यात राहणार होता? २०११ ला खुद्द बुद्धदेव जादवपूरमधून पडले, आणि ज्यांनी पाडलं ते मनीष गुप्ता म्हणजे त्यांच्याच सरकारचे जुने मुख्य सचिव. हे असलं योगायोगाने जुळून आलेलं काही कथेत लिहिलं असतं तर संपादकाने कापलं असतं.

मग करायचं काय होतं, कारखाना आणायचाच नाही? नाही हो, आणायचा. आणि कसा आणायचा याचं एक उदाहरण आपल्या दारात आहे, ते आपल्याच वादांत कोणी काढत नाही याचं मला नवल वाटतं. नवी मुंबईसाठी आणि बंदरासाठी उरण-पनवेल पट्ट्यातल्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या मागे तिथले आगरी-कोळी शेतकरी रस्त्यावर आले, १६ आणि १७ तारखेला जासई-दास्तान फाट्याला आणि नवघरला गोळीबार झाला, पाच माणसं गेली. दि. बा. शेकापचे, म्हणजे लाल बावट्याचेच. त्या आंदोलनाची धग अशी होती की पुढे सरकारला मान्य करावं लागलं, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत. शहर झालं, बंदर झालं, आणि गाववाल्याच्या हातात चढत्या भावाचा एक तुकडा राहिला. (त्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटचं पुढे बिल्डरांनी आणि गावपुढाऱ्यांनी काय केलं हा वेगळा विषय, आणि मिठागरातल्या मजुराला त्यातून काय मिळालं हा त्याहून वेगळा. स्वर्ग नव्हता तो.) पण टेबलाच्या दोन बाजू होत्या. एका बाजूला सिडको, दुसऱ्या बाजूला शेकाप. सिंगूरमध्ये दुसऱ्या बाजूची खुर्चीच पक्षाने उचलून आपल्या बाजूला आणून ठेवली.

आणखी एक तारीख सांगते. ३ ऑक्टोबर २००८ ला टाटांनी सिंगूर सोडत असल्याचं जाहीर केलं. त्याच्या बारा दिवस आधी, २१ सप्टेंबरला, रायगडमध्ये पेण तालुक्यातल्या बावीस गावांत महामुंबई सेझला (विशेष आर्थिक क्षेत्राला) जमीन द्यायची की नाही यावर जिल्हाधिकाऱ्यांनी शेतकऱ्यांचं मत घेतलं, रीतसर मतदान. राज्य कोणाचं तर काँग्रेस-राष्ट्रवादीचं, ज्यांना कोणी गरिबांचे कैवारी म्हणणार नाही. ते मतदान सरकारला सुचलं होतं का? छे. एन. डी. पाटील आणि शेकापवाले बाहेर बोंबा मारत होते म्हणून घ्यावं लागलं. बाहेर कोणीतरी बोंबा मारायला असणं, हे नुसत्या सहृदय सरकारपेक्षा जास्त कामाचं ठरतं.

आता गिरणगाव. माझे मोठे काका लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाला होते, त्याआधी पाच-सहा वर्षं बदली, म्हणजे सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी खाडा केला असेल तर आत. त्यांच्या ट्रंकेत लाल बावट्याच्या युनियनच्या वर्गणीच्या पावत्या रबर लावून ठेवलेल्या होत्या, मी लहानपणी त्या पावत्यांच्या मागे चित्रं काढलीत आणि मारही खाल्लाय. कॉम्रेड डांगे म्हणजे त्यांच्यासाठी जवळपास घरातलं माणूस. कायद्याने मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यामुळे मालकाशी बोलायचा अधिकार त्या एकाच युनियनला, आणि ती काँग्रेसच्या गोटातली. पण या मजदूर संघाचा कार्डधारक असलेला माणूसही भांडण असलं की लाल बावट्याकडे जायचा. अधिकृत खिडकी एक आणि चालणारी खिडकी दुसरी. जानेवारी १९७४ मध्ये संप चालू असताना पोटनिवडणूक लागली तेव्हा गिरणगावाने डांग्यांच्या कन्या रोझा देशपांडे यांना लोकसभेवर पाठवलं, तेही शिवसेना ऐन भरात असताना.

आणि मग भाकपचं, म्हणजे डांग्यांच्या पक्षाचं धोरण. इंदिराबाई पुरोगामी आहेत, उजव्यांना रोखायचं तर काँग्रेसबरोबर राहायचं, ही लाइन. सिद्धांत म्हणून त्यात काही दम नव्हता असं मी म्हणणार नाही, बँकांचं राष्ट्रीयीकरण, संस्थानिकांचे तनखे बंद, हे सगळं नुकतंच झालेलं होतं. पण जून १९७५ ला आणीबाणी आली, पक्षाने पाठिंबा दिला, आणि तीन महिन्यांत सरकारने वटहुकूम काढून किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला. गिरणी कामगाराच्या घरात बोनस म्हणजे काय होता हे ज्याने बघितलंय त्यालाच कळेल. वर्षाचं किराणा-उधार, पोरांचे कपडे, गावी पाठवायची मनिऑर्डर, दिवाळी, सगळं त्या एका पाकिटात. ते पाकीट अर्ध्यावर आलं, संपाला बंदी, आणि ज्याच्याकडे जाऊन ‘कॉम्रेड, हे काय?’ म्हणायचं तो पक्ष सरकारच्या पाठीशी. काका एवढंच म्हणायचे, “त्या दिवाळीला लाल बावट्याच्या ऑफिसात गेलो, आणि चहा पिऊन आलो.” बाकी काही नाही, चहा पिऊन आलो.

१९७७ ला काय झालं बघा. भाकप लोकसभेत २३ वरून ७ वर. आणि त्याच मुंबईतून, त्याच विळा-हातोड्याच्या दुसऱ्या पक्षातून, आणीबाणीच्या विरोधात उभ्या राहिलेल्या अहिल्याताई रांगणेकर निवडून आल्या. जनता लाट होती हे कबूल, लाटेत लाकडंही तरतात. पण कामगारांनी ‘डावेपणा’ सोडला म्हणणाऱ्यांना या दोन आकड्यांचं उत्तर द्यावं लागेल. कामगारांनी ऑफिस बदललं. पुढे १९८१ च्या दिवाळीत पुन्हा बोनसवरून ठिणगी पडली तेव्हा हेच लोक स्वतःच्या पायाने घाटकोपरला दत्ता सामंतांकडे गेले, आमचे नेते व्हा म्हणून. सामंत मूळचे काँग्रेसचे, विचारसरणी विचाराल तर कोणालाच धड सांगता आली नसती. अडीच लाख कामगार १८ जानेवारी १९८२ ला त्यांच्यामागे बाहेर पडले, आणि त्याचं पुढे काय झालं ते मी इथं लिहीत नाही, आमच्या घराला ते पाठ आहे.

कोणी म्हणेल, हे सगळं हरलेल्या धोरणांबद्दल झालं, सिंगूरचा कारखाना उभा राहिला असता, पोरांना नोकऱ्या लागल्या असत्या, तर लोक सगळं विसरले असते. असतील कदाचित. पण जर्मनीचं बघा. २००३ मध्ये श्रोडरच्या सोशल डेमोक्रॅट सरकारने बेकारभत्त्याला कात्री लावणाऱ्या सुधारणा आणल्या, त्यातली हार्ट्झ-४ जानेवारी २००५ पासून लागू झाली. त्यानंतरच्या वर्षांत तिथली बेकारी खरंच खाली आली, त्याचं किती श्रेय त्या सुधारणांना यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडतायत, पण धोरण फसलं असं कोणी म्हणत नाही. पक्षाचं काय झालं? १९९८ ला ४०.९ टक्के मतं होती, २००९ ला २३, आणि २०२५ ला १६.४. यशाचं श्रेय नंतर आलेल्या मर्केलबाईंना. ज्या माणसाचा भत्ता कापला गेला त्याला बेकारीचा राष्ट्रीय आकडा दाखवून काय उपयोग, त्याला तो कापणारा हात ओळखीचा वाटला एवढंच त्याच्या लक्षात राहिलं.

केरळचं मला वाटतं याच्या बरोबर उलट आहे. तिथल्या डाव्यांनीही बाजाराशी जुळवून घेतलं, परदेशी गुंतवणूक, आयटी पार्क, खासगी भागीदारी, काय नाही केलं? पण १९८० च्या दशकापासून २०२१ पर्यंत सत्तेची पाच वर्षं झाली की तिथले लोक त्यांना घरी बसवत राहिले, आणि घरी बसलं की पक्षाला पुन्हा रस्त्यावर उतरून लोकांच्या तक्रारी गोळा कराव्या लागतात. बंगालमध्ये सलग चौतीस वर्षं ती संधीच मिळाली नाही. हरणं हे डाव्या पक्षासाठी वंगणासारखं असतं असं माझं एक आगाऊ मत आहे. आणि ‘चीनने बघा कसं केलं’ म्हणणाऱ्यांना एवढंच, की डेंग साहेबांना पंचायत निवडणूक लढवायची नव्हती.

माझ्या म्हणण्यात भोकं नाहीत असं नाही. सोलापूरचे आडम मास्तर घ्या. विडी कामगार बायकांसाठी आयुष्यभर भांडून कुंभारीला तीस हजार घरांची वसाहत मंजूर करून घेतली, २०१९ ला व्यासपीठावर मोदी-फडणवीसांचं कौतुक केलं म्हणून माकपने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिने निलंबित केलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण पंतप्रधानांच्या हस्ते झालं. खिडकी उघडी ठेवणारा माणूस शोधायचा तर याच्याहून चांगला मिळणार नाही. तरी त्याच वर्षी विधानसभेला मास्तर पडले आणि सोलापूर शहर मध्य भाजपकडे गेलं. म्हणजे तक्रार ऐकणारा असला की मत मिळतंच असं नाही, धर्म आहे, जात आहे, पैसा आहे. बंगालमध्येही २०१९ ला डाव्यांची मतं भाजपकडे गेली त्याला हिंदू-मुसलमान हे कारण होतंच. पण त्या वेळी गावोगाव एक वाक्य चालायचं, ‘आगे राम, पोरे बाम’, आधी राम मग डावे. ज्यांची पार्टी ऑफिसं तृणमूलने बळकावली होती, ज्यांना पंचायतीला उमेदवारी अर्जही भरू देत नव्हते, ते लोक आसरा शोधत होते. २०२१ च्या विधानसभेत डाव्यांना २९४ पैकी एकही जागा नाही. आगे राम झालं, पोरे बाम काही झालं नाही. ती रांग एकदा दुसऱ्या खिडकीवर लागली की परत येत नाही बहुतेक.

सिंगूरची जमीन ३१ ऑगस्ट २०१६ ला सुप्रीम कोर्टाने परत द्यायला लावली, ममतांनी जाऊन तिथं मोहरी पेरली, फोटो आले. मागच्या वर्षी आमच्याकडे डोंबिवलीत लादी बदलायला जो मिस्त्री आला होता तो त्याच हुगळी जिल्ह्यातला, आरामबागकडचा. तिशीतला पोरगा. आधार कार्ड आणि मतदार कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कायम खिशात, कारण बंगाली बोललं की कोण कधी बांगलादेशी म्हणून धरेल भरवसा नाही. बाप सीपीएमचा होता म्हणाला, एवढं सांगून खाली बघून लादी ठोकत राहिला. मी सिंगूर काढलं तर त्याला त्यात फारसा रस नव्हता, त्याला रस होता आमच्या ठेकेदाराने अडकवलेल्या सव्वीस दिवसांच्या मजुरीत. इथं कोणाकडे जायचं असतं, त्याने विचारलं. लेबर ऑफिस म्हटलं मी, तर हसला. युनियन आहे का कुठली लादीवाल्यांची? मला माहीत नव्हती. शेवटी म्हणाला, दीदी, आप एक फोन कर दो ना. मी केला. ठेकेदार म्हणाला, मॅडम तुम्ही यात कशाला पडता. पंधरा दिवसांनी अर्धे पैसे आले, उरलेल्याचं विचारायला परत फोन केला तर आता तो माझा नंबर उचलत नाही.